पद्माकर, तुला कुणी उठवलं नाही

पद्माकर,

तुझा तेरावा झाला, तरी चौकातला तुझा फ्लेक्स अजून उतरवलेला नाही. मोठा आहे चांगला. असल्या फ्लेक्सांविरुद्ध तू महापालिकेत अर्ज करायचास, म्हणजे तुला तो आवडला नसता. पण आता तुझं मत विचारतो कोण? फोटो कॅमेऱ्यांच्या उद्घाटनाचा आहे. शेजारच्या पोलीस साहेबांना कापून तुला एकट्याला घेतलंय, त्यात त्यांचा एक खांदा तुझ्या कानाशी राहून गेलाय. खाली लिहिलंय, 'गल्लीच्या सुरक्षिततेसाठी अहोरात्र झटणारे आमचे अध्यक्ष'. ते वाचून मी रस्त्यातच हसले. अहोरात्रमध्ये दुपार धरलेली नाही, हे आपल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

दुपारीच गेलास. माझ्या दुकानाच्या पायरीवर, सगळी गल्ली बंद असताना. तुझं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आणि माझं दोरे, बटणं, चेन, लेस विकणारं दुकान समोरासमोर. मधून एक रिक्षा जेमतेम जाईल एवढा रस्ता. आपले वडीलही असेच समोरासमोर बसायचे. शाळा एक, पाढे एक, मारही एकाच मास्तरांचा. आणि तरी तू गेलास तेव्हा आपल्यात धड बोलणं नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही, भांडणार आहे. भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायची तुझी जुनीच खोड.

आधी तुझं चांगलं सांगते, म्हणजे पुढचं ऐकून घेशील.

मंडईतून भाजी घेऊन कसब्यात परतणाऱ्या बायका आपल्या गल्लीतून जातात. दोन्ही हातांत पिशव्या, गळा उघडा. तुझ्या दारात एका बाईचं मंगळसूत्र मोटारसायकलवाल्यांनी ओढलं, तेव्हा तू हातातला झारा घेऊन चौकापर्यंत त्यांच्यामागे धावलास. त्या वयात, त्या पोटासकट. चोर गेलेच. तू धापा टाकत परत आलास, बाईला पाणी दिलंस, तिच्या घरी फोन लावलास आणि झारा जागेवर टांगताना मला म्हणालास, "मालू, हे असं एकेकट्यानं धावून होणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून तू दुकानादुकानांतून हिंडलास. ज्या गल्लीत दोन दुकानदारांचं चहात साखर किती यावर एकमत होत नाही, तिथल्या सगळ्यांना तू पोलीस चौकीत एका बाकावर बसवलंस. मंडळ काढलंस. पोलिसांबरोबर महिन्याची बैठक ठरली, मोबाईलवर ग्रुप झाला, कॅमेरे आले. खिसेकापू दिसला की ग्रुपवर एक ओळ पडायची आणि सगळी गल्ली आपापल्या दारात येऊन उभी राहायची. कुणी कुणाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, हा नियम तुझा. आपल्याकडचा दुकानदार बघायला लागला की गिऱ्हाईकसुद्धा पळतं, तिथे चोराचं काय घेऊन बसलास. वर्षभरात बायका गळ्याशी मुठीत धरलेला पदर सोडून चालायला लागल्या. हे तू केलंस. कुणी नाही म्हणालं तर त्याच्याशीही मी भांडेन.

आणि आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझं दुकान तू उघडलंस. स्वतःचं नोकरावर टाकून माझ्या गल्ल्यावर बसलास. मी परत आले तर तू शर्टाची बटणं तराजूवर विकलेली. "पावशेर दिली," म्हणालास, "बाई खूश होऊन गेली." खूश होणारच. नातवंडांच्या शर्टांना पुरतील एवढी बटणं तिनं नेली होती. त्यावरून मी तुला इतकं बोलले की आभार मानायचे राहून गेले. ते आता मानते.

मग ती बैठक झाली. नवीन बदलून आलेले पोलीस साहेब म्हणाले, "गर्दी कमी करा, चोरांना गर्दीचाच आडोसा मिळतो." साहेब दोन वाक्यं बोलून, चहा पिऊन गेले. पुढचं सगळं आपलं. मंडळाचा सेक्रेटरी रोहन, तो कोपऱ्यावरचा मोबाईलवाला, उठून म्हणाला, "काका, हे पथारीवाले म्हणजे बेसिकली आपले ब्लाइंड स्पॉट आहेत. फ्रेममध्ये मधेच येतात. ते एकदा क्लिअर झाले ना, की गल्लीचा फुल व्ह्यू मिळेल." तू मान डोलावलीस.

पथारीवाले कोण, तर आपल्या गल्लीत रोज बसणारी एकच, शेवंताबाई. लिंबं, आलं, कढीपत्ता घेऊन माझ्या पायरीला टेकून बसायची. तिची बाजू घ्यायला ती काही देवमाणूस नव्हती. कोथिंबिरीच्या काड्या माझ्या दारात टाकायची. लिंबाला रस निघाला नाही म्हणून तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला "तुमच्या हातात जोर न्हाई, लिंबाला कशाला बोल लावता" असं तिनं सुनावलेलं मी स्वतः ऐकलंय. तिला हळू बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय तिचा दिवस जात नव्हता. घर लांब फुरसुंगीकडे, त्यामुळे एक वाजता आपण शटर ओढून जेवायला आणि झोपायला गेलो की गल्लीत ती एकटीच उरायची. अनोळखी माणूस शिरला की तिचा पहिला प्रश्न, "ओ, कुनाकडं?" उत्तर मिळेपर्यंत ती त्याला सोडायची नाही.

म्हणून मी बैठकीत विचारलं, "एक ते चार गल्लीत कोण असतं?"

"कॅमेरे असतात," तू म्हणालास.

"आणि कॅमेऱ्यात बघतं कोण?"

"काकू, रेकॉर्डिंग होतं ना सगळं," रोहन म्हणाला. "ऑफिस चारला उघडतं, तेव्हा चेक करतो मी."

तू समजावणीच्या सुरात म्हणालास, "मालू, कॅमेरा झोपत नाही."

"कॅमेरा नाही झोपत. बघणारे झोपतात."

सगळे हसले. तूही हसलास. मग हात वर झाले, सगळ्यात आधी तुझा, आणि पथारी उठवायचा ठराव मंजूर झाला.

बाहेरच्या माणसाला हे सांगून खरं वाटायचं नाही. चोरांपासून गल्ली राखायला आपण मंडळ काढलं, आणि त्या मंडळाच्या कचेरीवर पाटी लावली, 'दुपारी १ ते ४ बंद'. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. आपल्या आजोबांपासून एक वाजता दुकान बंद होतं. जेवून घटकाभर आडवं होणं आपल्याकडे देवपूजेइतकं पक्कं. चोरांनीही ती वेळ पाळावी, एवढी साधी आपली अपेक्षा होती.

महापालिकेची अतिक्रमणाची गाडी आली त्या दिवशी शेवंताबाईची टोपली उचलताना उलटली आणि लिंबं रस्ताभर घरंगळत गेली. ती तुला हाका मारत होती, "अध्यक्षसाहेब, ओ, जरा इकडं बघा की." तू पाठ करून एका हंड्याला कुठे पोचा आलाय का ते बघत उभा राहिलास. त्या हंड्याला पोचा नव्हता, पद्माकर. मी समोरून बघत होते. नंतर मी विचारलं तर म्हणालास, "जे झालं ते कायद्यानं झालं." मी म्हणाले, "कायद्यानं तुझ्या घरी आलं-लिंबं नाही पोचवली कधी, तिनं पोचवली." त्यावर तू आत निघून गेलास.

तेव्हापासून आपला चारचा चहा बंद झाला. इतकी वर्षं शटर वर केलं की आपण एक चहा सांगून दोघांत घ्यायचो, साखरेवरून वाद घालत. त्या दिवशी चहावाल्याला तू म्हणालास, "त्यांना वेगळा दे." मीही घेतला वेगळा. माझ्या तोंडाचं तुला माहीतच आहे. पुढे भर दुपारी साडीवाल्या काकांच्या दुकानाचं शटर वाकवून माल नेला, तेव्हा कॅमेऱ्यात चोर फार स्पष्ट आला होता; हेल्मेट घातलेला आणि पाठमोरा. सगळे ते चित्र बघत असताना मी तुला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पाठ ओळखीची वाटते का कुणाला?" तुझं तोंड उतरलं होतं ते मला दिसलं, आणि तेव्हा मला बरं वाटलं.

जायच्या आधी थोडे दिवस, एक वाजता कुलूप लावताना तू रस्ता ओलांडून आलास. "मालू, तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की."

"इथे नको. सावकाशीनं."

"सावकाशीनं म्हणजे? ठराव मांडून का?"

तू हसला नाहीस. "बरं," म्हणालास आणि जिना चढून वर घरी गेलास. काय बोलायचं होतं तुला? हा प्रश्न मी आता आमच्या ह्यांना विचारते, तुझ्या बायकोला, सुनंदावहिनींना विचारते, गल्लीतल्या भिंतींनाही विचारून झालाय.

त्या दिवशी चारला मी शटर उघडायला आले. आधी छत्री दिसली, उघडी, माझ्या पायरीवर ठेवलेली. तिच्या आड तू, भिंतीला डोकं टेकून बसलेला. मी तुझ्या समोर उभी राहून म्हणाले, "काय अध्यक्ष, आज माझ्या दारात अतिक्रमण का?" उत्तर आलं नाही म्हणून आणखी एक टोमणा मारला. मग छत्री बाजूला केली. मेलेल्या माणसाला टोमणे मारत मी उभी होते, पद्माकर, आणि तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं तेच.

रेकॉर्डिंग मला रोहननं दाखवलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "बघा काकू, एकदम क्लिअर आलंय," म्हणाला, आणि स्वतः काय बोललो ते कळल्यावर बाजूला सरकला. मी पूर्ण बघितलं. तू बाजूच्या दारानं बाहेर आलास. रस्ता ओलांडून माझ्या पायरीवर बसलास, शेवंताबाईच्या जागेवर. दुपारी सावली तिथेच असते. चष्मा काढून खिशात ठेवलास. हात एकदा छातीकडे गेला, मांडीवर आला, आणि मग तू हललाच नाहीस.

त्यानंतर कुरिअरवाला आला. त्यानं तुला बघितलं, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालला, पाकीट माझ्या शटरखालून हळूच सरकवलं आणि गेला. दोन मुली बडबडत आल्या, तुला बघून आवाज खाली केला आणि पुढे गेल्या. मग साडीवाले काका औषध आणायला बाहेर पडले. ते थांबले. ऊन सरकत तुझ्या तोंडावर आलं होतं. त्यांनी स्वतःची छत्री उघडली, तुला सावली येईल अशी टेकवून ठेवली आणि उन्हातून चालत गेले. दुपारी झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे आपल्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. सगळे किती नीट वागले तुझ्याशी. काका आता रोज माझ्याकडे येतात, 'मी उठवायला हवं होतं का' हेच विचारतात आणि रडतात.

शेवंताबाईला ही रीत नव्हती. "ओ अध्यक्ष, घरला जाऊन निजा की, माझं गिऱ्हाईक अडतंय," म्हणत तिनं तुला गदागदा हलवलं असतं, आणि तू हलला नाहीस तर गल्ली डोक्यावर घेतली असती. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. घरच्यांना ते असंच सांगतात. फरक पडला असता की नसता, हे आता कुणालाच कळायचं नाही. मला एवढं कळतं, की तुला उठवणारी एकच बाई या गल्लीत होती आणि तिला तू हात वर करून घालवलीस. मला याचा राग येतो. रात्री जेवताना येतो, बटणं मोजताना येतो. तुझ्या फोटोला हार घालताना तर इतका आला की सुनंदावहिनींनी हार माझ्या हातातून घेतला.

वहिनी म्हणाल्या, "हल्ली दुपारी झोपच लागत नव्हती त्यांना. ती गाडी आली ना, तेव्हापासून. मी झोपले की उठून खाली जायचे. कुठे जाता विचारलं तर म्हणायचे, इथेच आहे." मंडळ सांगतं, तू पहाऱ्यावर होतास. मला कधी वाटतं, शेवंताबाईला परत आणायचं तुझ्या मनात होतं आणि ते मला कसं सांगायचं याची तू तालीम करत होतास. कधी वाटतं, कसलं काय, एवढा हट्टी माणूस, 'बैठकीत जरा तोंड आवर' एवढंच सांगायला येणार होतास. दोन्ही तुला शोभतं. म्हणून एकही सोडून देता येत नाही.

शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले, खरंही बोलले. शेवटी रोहन उठला. "काकांच्या स्मरणार्थ आपण एक लेटेस्ट कॅमेरा बसवतोय, मालतीकाकूंच्या पायरीवर. एआयवाला आहे. माणूस पडला की तो स्वतः ओळखतो."

"ओळखून काय करतो?" मी विचारलं.

"ऑफिसला अलर्ट जातो, काकू."

"ऑफिस दुपारी किती वाजता उघडतं?"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आज नको, मालतीबाई." आणि सगळे तुझ्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहिले. तीसुद्धा चार वाजून गेल्यावर.

मी शेवंताबाईला शोधत गेले. मंडईच्या पलीकडच्या अंगाला बसते आता. सांगितलं तर लिंबांवर पाणी शिंपडत म्हणाली, "गेला व्हय." थोडा वेळ शिंपडतच राहिली. "मानूस वाईट नव्हता. भावात कदी घासाघीस केली न्हाई त्यानं."

"परत ये. पायरी माझी आहे, कोण उठवतं ते मी बघते."

"न्हाई बाई. हितं धंदा बरा हाय. आन तुमच्या गल्लीत दुपारच्याला आता मला भ्या वाटंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची गल्ली तुमीच राखा की. समद्यास्नी डोळं हायेत."

मी लिंबं घेतली. तिनं भाव कमी केला नाही आणि एक लिंबू वरही दिलं नाही.

सोमवारपासून मी एक ते चार दुकान उघडं ठेवते. घरी हे म्हणतात, "या वयात हे कुणाला दाखवायचंय?" ग्रुपवर रोहनचा निरोप आला, 'दुकानांच्या वेळांबाबत सर्वांनी एकवाक्यता ठेवावी ही नम्र विनंती'. गिऱ्हाईक चिटपाखरूसुद्धा येत नाही. मी दारात स्टूल टाकून बसते. हे मी आनंदानं करते असं समजू नकोस. जेवण अंगावर येतं, डोळे मिटतात, आणि समोर तुझं बंद दुकान दिसत राहतं. अनोळखी माणूस आला की मीही विचारते, "कुणाकडे?" माझा आवाज तेवढा लागत नाही, पण लागेल.

काल मी रिळं लावायला आत गेले होते. बाहेर आले तर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, मंडईच्या पिशव्या पायाशी, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. मी त्यांचे दोन्ही खांदे धरून हलवले. "अहो. अहो, उठा. आधी उठा बघू."

ते दचकून उठले. पिशवी लवंडली, कांदे रस्त्यावर गेले. "काय हो बाई, जरा डोळा लागला होता. तुमच्या पायरीचं काय झिजत होतं? झोपलेल्या माणसाला असं उठवतात? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

"नाही," मी म्हणाले, आणि त्यांचे कांदे गोळा करायला लागले.

ते पिशव्या उचलून निघाले. चौकापर्यंत मला, माझ्या दुकानाला आणि अख्ख्या पेठेला नावं ठेवत गेले. त्यांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी रस्त्यात उभी राहून ऐकत होते. पद्माकर, तू असाच चिडून उठला असतास आणि मला तोंडाला येईल ते बोलला असतास, तर मी तुझं जन्मभर निमूट ऐकून घेतलं असतं.